गावच्या उपकेंद्रातली पाळणा लांबवायची सेवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या उपकेंद्राबद्दल लिहितेय. इमारतीवर जाऊ नका. बाकडं एकच, त्याचाही एक पाय डुगडुगतो. पण पाळणा लांबवायचा असेल तर आधी इथं जा, तालुक्याच्या खासगी दवाखान्यात पैसे मग घाला.

धाकटा अजून अंगावर पितो. दिवाळीनंतर पाळी सुरू झाली आणि मी कॉपर-टी बसवायचीच म्हणून गेले. आमच्याकडं बाया दुसरं कशाचं नावच घेत नाहीत. सिस्टरनं लगेच पलंगावर झोपवलं नाही, आधी बसवून विचारलं : अंगावरून किती जाते, कावीळ झाली होती काय, रक्त कमी आहे काय, तिसरं पाहिजे काय. "तुमाले आधीच लय जाते, कॉपर-टीनं पहिले काही महिने अजून वाढू शकते," म्हणाल्या. दहा वर्षं चालणारी चीज असली तरी वेचणीच्या दिवसांत मला ते परवडणारं नव्हतं.

मग 'अंतरा' इंजेक्शन : तीन महिन्यांनी एक. पाळी अनियमित होते, बंदही पडते, आणि सोडल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे त्यांनी आपणहून सांगितलं. जाऊबाईंनी तेच घेतलं, कारण घरात गोळ्यांचं पाकीट कोणाला सापडायची भानगड नाही.

मी 'छाया' ही गोळी घेतली. हिच्यात हार्मोन नाही, दुधाला त्रास नाही. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, तो बुधवार निघाला. म्हणून तीन महिने बुधवार-शनिवार, नंतर फक्त बुधवार. आमचा बाजारही बुधवारचाच, विसरायचा प्रश्न नाही. पाळी थोडी लांबली, तेही आधीच सांगून ठेवलं होतं. सगळं फुकट.

ह्यांच्यासाठी पुरुष नसबंदीचा कागदही दिला. बिनटाक्याची, त्याच दिवशी घरी. कागद ह्यांच्या खिशात गेला, तो अजून तिथंच आहे.

खटकलं ते हे : पडदा नाही. लसीकरणाच्या दिवशी गेलात तर तुमची पाळी अख्ख्या रांगेला ऐकू जाते, तेव्हा दुसऱ्या दिवशी जा. आणि छायाची पाकिटं मध्येच संपतात. हातात दोन-तीन गोळ्या उरल्या की आशाताईला सांगून ठेवा.