सबमर्सिबल की ड्राय वेल? सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनला काय बसवायचं

सांडपाणी उताराने आपोआप वाहतंय तोवर पंपाची आठवण कुणाला येत नाही. पण १५० मिमीची लाईन १०० ला १ उतारावर टाकली की एका किलोमीटरला ती १० मीटर खाली जाते, आणि तेवढं खोल खोदत जाण्यापेक्षा मध्येच पाणी उचलून वर टाकलेलं परवडतं, म्हणून पंपिंग स्टेशन. आता तिथे पंप कसला बसवायचा यावर लोक कोटेशनची किंमत बघून ठरवतात, आणि माझं म्हणणं आहे की आधी हे विचारा, रात्री २ वाजता पंप चोक झाला तर तो कोण आणि कसा काढणार?

सबमर्सिबलमध्ये पंप आणि मोटर दोन्ही थेट सम्पात, म्हणजे मैला साठतो त्या विहिरीत, मैल्यात बुडालेले. एकच विहीर, वर झाकणं आणि बाजूला पॅनेल, झालं स्टेशन. प्रायमिंगची, म्हणजे सुरू करण्याआधी पंपात पाणी भरायची, भानगड नाही, आवाज जवळजवळ नाहीच, जागाही कमी लागते. चोक झाला की चेनने गाइड रेलवरून वर ओढायचा, खाली माणूस उतरवायचा नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. इंपेलरला, म्हणजे पंपाच्या फिरत्या चाकाला, ओल्या वाइप्स आणि चिंध्या दोरखंडासारख्या पिळून बसलेल्या असतात, त्या कापूनच काढाव्या लागतात. पण वर काढण्यापेक्षा परत खाली नीट बसवणं अवघड जातं, रेल गंजली असेल किंवा तळाच्या बेंडवर (पंप ज्याला टेकून जोडला जातो तो वाकडा पाइप) कचरा अडकला असेल तर पंप नीट टेकत नाही, मग तो चालू दिसतो, अँपिअर दाखवतो आणि उचललेलं पाणी त्याच सम्पात परत सोडत बसतो. शिवाय बऱ्याच मोटरी बाहेरच्या पाण्यानेच थंड होतात, त्यामुळे चरबीच्या थरात फ्लोट (लेव्हलप्रमाणे पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच) अडकून लेव्हल फार खाली गेली की मोटर तापते. मोटरमध्ये पाणी जाऊ न देणारं सील गळायला लागलं तरी वरून काही कळत नाही, म्हणून सील लीक सेन्सर आणि थर्मल कटऑफ नसलेला पंप घेऊच नका.

ड्राय वेलला दोन विहिरी, मध्ये भिंत. एका बाजूला मैला, दुसऱ्या कोरड्या बाजूला पंप. मेकॅनिक बेअरिंगवर हात ठेवून सांगतो काय बिघडलंय ते, आणि बऱ्याच पंपांना हँडहोल असतं, दोन्ही बाजूचे व्हॉल्व बंद करायचे, झाकण खोलायचं, चिंधी काढायची, पंप उचलायची गरजच नाही. मोठ्या स्टेशनला, जिथे शिफ्टमध्ये माणसं असतातच, तिथे ही सोय सोन्यासारखी. पण सिव्हिलचा खर्च भरपूर, वर जिना, लाइट, व्हेंटिलेशन हे सगळं आलंच. आणि एखाद्या जॉइंटचं गॅस्केट गेलं की कोरडी विहीर भरते आणि स्टँडबायसकट (राखीव पंपासकट) सगळ्या मोटरी एकदम बाद. यावर उपाय म्हणून मोटर वरच्या मजल्यावर ठेवून लांब शाफ्ट देतात, पण मग अलाइनमेंट, म्हणजे शाफ्ट सरळ रेषेत आहे ना, ते सांभाळत बसा. त्यापेक्षा कोरड्या विहिरीतच सबमर्सिबल मोटरचा, कूलिंग जॅकेटवाला पंप बसवलेला बरा, बुडाला तरी चालतो. मोठ्या कामाला मी हाच घेईन. लहान-मध्यम आणि माणूस नसलेल्या स्टेशनला सरळ साधा सबमर्सिबल.

स्क्रू पंपही मिळतो, म्हणजे तिरका फिरणारा मोठा स्क्रू, कचरा बिनबोभाट वर नेतो, पण प्रेशर देत नाही, म्हणजे पुढे लांब रायझिंग मेन (पंपाच्या दाबाने मैला पुढे नेणारी लाईन) असेल तर विषय संपला.

कोरडी विहीर म्हणून बिनधास्त उतरायचं असंही नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, खाली साचतो आणि साधारण १०० पीपीएमला नाकच बधिर होतं, वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं धरून चालणं जिवावर बेततं. दोन्हीकडे गॅस डिटेक्टर हवाच.

सम्पचं माप मात्र दोघांनाही सारखंच लागू. समजा पंप सेकंदाला १०० लिटरचा आहे आणि तासाला ६ पेक्षा जास्त वेळा स्टार्ट करायचा नाही, तर स्टार्ट आणि स्टॉप लेव्हलमध्ये १५ घनमीटर जागा पाहिजे. कमी ठेवली तर मोटर सारखी चालू-बंद होऊन जळते, उगाच मोठी ठेवली तर मैला कुजतो, वास सुटतो आणि वरच्या काँक्रीटला ॲसिड खायला लागतं. आणि वीज गेल्यावर जनरेटर किती वेळात लोड घेतो ते टेंडरमध्येच लिहून घ्या, कारण पंप बंद असले तरी मैला येतच राहतो आणि सम्प भरला की तो मागच्या मॅनहोलमधून रस्त्यावर येतो.