घोडबंदरचा फ्लॅट की मुरबाडचं घर? फक्त हवेपुरतं बोलू

वडिलांना दम लागतो किंवा मुलाचा पंप सुटत नाही, आणि मुरबाडकडचं गावातलं घर रिकामं आहे, असं असलं की "गावची हवा चांगली, तिकडे जा" हा सल्ला कुणीतरी देतंच. तो बराचसा खरा आहे, पण सरसकट नाही.

ठाण्याच्या घोडबंदर रोडला धूळ कुठून येते हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको: उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले ट्रेलर, मेट्रोचं काम, तयार काँक्रीटचे आरएमसी प्लांट, एकामागून एक चढणारे टॉवर. गॅलरीचं रेलिंग पुसल्यावर फडक्यावर येणारी करडी पूड म्हणजे बहुतेक जाड कण. ते लवकर खाली बसतात. छातीला जास्त भोवतो तो पीएम २.५, म्हणजे डिझेलच्या आणि जाळलेल्या कचऱ्याच्या धुरातले बारीक कण. केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक असे हे कण फुप्फुसात खोल उतरतात आणि हवेत दिवसेंदिवस राहतात. त्यामुळे पंधराव्या मजल्यावर धूळ कमी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. त्यापेक्षा हमरस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत, येऊरच्या डोंगराच्या बाजूला घर असेल तर वाहनांच्या धुरापासून खरी सुटका मिळते. 'हिल व्ह्यू'चे जादा पैसे बिल्डर घेतो, त्यात एवढं तरी तथ्य आहे.

गावात ट्रेलर कमी, पण जाळणं भरपूर. आधी घरातलं आढं बघा. काजळी लोंबत असेल तर चूल अजून चालते. पीएम २.५ ची आपल्याकडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीपुढे हा आकडा कित्येक शेकड्यांत जातो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर बऱ्याच घरांत आले, तरी अंघोळीचं पाणी अनेकदा चुलीवरच तापतं. बाहेर पावसाळा संपला की वीटभट्ट्या लागतात, आणि उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात: पालापाचोळा, शेण, वर माती, आणि तासन्‌तास धुमसणारा धूर. जोडीला डोंगरातले वणवे.

हवेचा दर्जा दाखवणाऱ्या ॲपवर गावाचं नाव टाकून हिरवा आकडा आला तर भुलू नका. मोजणी केंद्रं मुख्यतः शहरांत आहेत, त्यामुळे तो आकडा लांबच्या केंद्राचा किंवा नुसता अंदाज असू शकतो.

पावसात दोन्हीकडे हवा धुऊन निघते, म्हणून जूनमध्ये घर बघून ठरवू नका. जानेवारीत पहाटे जा; गार हवा जमिनीलगत थांबते, धूरही तिथेच राहतो. मग एप्रिलमध्ये पुन्हा जा.

गॅसवर स्वयंपाक, जवळ भट्टी नाही, खडी क्रशर नाही, घर महामार्गाला लागून नाही, एवढं जमत असेल तर मी मुरबाड म्हणेन. चूल सुटणार नसेल आणि भट्टी शेजारच्या शेतात असेल, तर आतल्या गल्लीतला ठाण्याचा फ्लॅट बरा. गावच निवडलंत, तर पहिले पैसे रंगकामावर घालू नका; न्हाणीघरात गीझर बसवा.