इतिहास आणि माध्यमलेखन एकत्र घेताय? मग हे वाचा

कॉलेजात इतिहास मुख्य विषय आणि जोडीला जनसंवाद व माध्यमलेखन, अशी पदवी मी नुकतीच पूर्ण केली. मागून येणारी मंडळी "घेऊ का?" म्हणून विचारत असतात, त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकते. घ्या, पण हे दोन विषय कॉलेज तुम्हाला जोडून देईल या भरवशावर राहू नका.

माहितीपत्रकात 'आंतरविद्याशाखीय' असा भारदस्त शब्द होता. प्रत्यक्षात दोन विभाग, दोन वेळापत्रकं आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. इतिहासाचा दीर्घ निबंध आणि माध्यमाचं फीचर हमखास एकाच आठवड्यात द्यायचं. बातमीलेखनाची परीक्षा तर चक्क उत्तरपत्रिकेवर, पेनाने. संपादन म्हणजे कापाकापी, हे वर्षभर शिकवायचं आणि परीक्षेत खाडाखोडीचे गुण कापायचे, हा काय न्याय आहे मला अजून कळलेलं नाही.

शिकवण्यात मात्र दम होता. माध्यमाच्या बाईंनी एकदा टायटॅनिकच्या बातम्यांची कात्रणं दिली. जहाज १४ एप्रिल १९१२च्या रात्री हिमनगाला धडकलं, १५ला पहाटे बुडालं, दीड हजारांच्या आसपास माणसं गेली. आणि १५ तारखेच्या न्यूयॉर्कच्या 'इव्हनिंग सन'चा मथळा काय, तर टक्कर झाली पण सगळे वाचले! बाईंनी विचारलं, ही कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, तुमच्या टेबलावर आली असती तर काय केलं असतं? आम्ही 'आणखी एका सूत्राकडून खात्री करू' असं ठरलेलं उत्तर लिहून मोकळे झालो.

तेच कात्रण मी इतिहासाच्या सरांना दाखवलं. साधनचिकित्सा, म्हणजे पुरावा कुठून आला आणि किती विश्वासाचा हे तपासणं, हा त्यांचा पेपर. मथळ्याकडे त्यांनी फारसं बघितलंच नाही. कागदावर साखळी काढायला लावली: बिनतारी संदेश, तो मधेच पकडणारी दुसरी जहाजं, किनाऱ्यावरचं केंद्र, कंपनीचं ऑफिस, वार्ताहर, उपसंपादक. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न, याने स्वतः काय पाहिलं? उपसंपादकापासून उलट मोजत गेलं तर कितीतरी नावांपुढे 'काही नाही' असंच लिहावं लागलं. ज्यांनी पाहिलं होतं ते वाचलेले प्रवासी 'कार्पेथिया' जहाजावर होते, आणि ते जहाज न्यूयॉर्कला लागलं १८ तारखेच्या रात्री. मग आमचं ते 'आणखी एक सूत्र' कोण असणार होतं? त्याच तारेवर कान लावून बसलेला दुसरा कोणी! एकाच उगमाची दोन सूत्रं म्हणजे एकच सूत्र, हे मला बातमीच्या वर्गात नाही, इतिहासाच्या वर्गात समजलं. या एका तासासाठी मी हे कॉम्बिनेशन पुन्हा घेईन.

इतिहासवाल्यांनी फार कॉलर ताठ करायचं कारण नाही. १९८३ साली जर्मनीतल्या 'श्टर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा सापडल्याचा गाजावाजा केला, तेव्हा त्या अस्सल असल्याचा निर्वाळा ह्यू ट्रेव्हर-रोपर या नावाजलेल्या इतिहासकारानेच दिला होता. वह्यांचा ढीग बघून तो भारावला आणि कागदाची तपासणी झाली आहे या साप्ताहिकाच्या शब्दावर विसंबला. पुढे त्याला शंका यायला लागल्या, पण तोवर उशीर झाला होता. खरी तपासणी झाली तेव्हा कागदात महायुद्धानंतर वापरात आलेलं रसायन निघालं. घाई आणि गुप्तता न्यूजरूममधून आली, नाव इतिहासाचं गेलं.

सगळ्यात कसदार पेपर मौखिक इतिहासाचा, म्हणजे लोकांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणींचा. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या एका ऑपरेटर आजींची मुलाखत घेतली. सरांना मुलाखतीच्या शब्दशः लेखी प्रतीत सगळं हवं: आजी कुठे थांबल्या, कुठे वाक्य अर्धवट सोडलं, कुठे स्वतःलाच दुरुस्त केलं. त्याच ध्वनिमुद्रणातून बाईंना हवं होतं तीनशे शब्दांचं व्यक्तिचित्र, त्यातही आजींच्या तोंडची दोनच वाक्यं. आजींनी एका संपाचं साल सांगितलं ते कागदपत्रांशी जुळेना. बातमीत ही चूक. दुरुस्त करा नाहीतर गाळा. सरांनी मला अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाचं काम वाचायला दिलं. तेर्नी या पोलाद कारखान्यांच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली नावाचा कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीबारात मेला, पण गावातले बरेच जण त्याचा मृत्यू १९५३ साली, कामगारकपातीच्या आंदोलनात झाला असं सांगत. तो मृत्यू लोकांनी स्वतःला सर्वांत मोठ्या वाटणाऱ्या लढाईत नेऊन बसवला होता. त्यानंतर मी आजींचं साल गाळलं नाही. त्यांनी सांगितलेलं साल त्यांच्या नावावर, कागदातलं साल कागदाच्या नावावर, दोन्ही एकाच परिच्छेदात. बाईंनी चालवून घेतलं, शब्द मात्र एकही वाढवू दिला नाही.

लेखनाचं म्हणाल तर दोन्हीकडून मार मिळतो आणि तो उपयोगी पडतो. बातमीत महत्त्वाचं आधी येतं. इतिहासाच्या निबंधात आधी पुरावा मांडायचा आणि मग निष्कर्षाला यायचं. माझ्या निबंधावर सरांचा शेरा असायचा, 'वाचनीय आहे.' कौतुक समजू नका, पुढचं वाक्य 'तळटीपा कुठे आहेत?' असं असायचं.

जनसंपर्काचा पेपर पाठांतराचा निघाला, पर्याय असेल तर टाळा. संज्ञापनाची प्रारूपं, म्हणजे संदेश कोणाकडून कोणाकडे जातो त्याच्या आकृत्या, नुसते चौकोन आणि बाण, परीक्षेच्या आदल्या रात्री होतात. कॅमेरा हातात घ्यायचाय, स्टुडिओत बसायचंय, अशांनी इकडे येऊच नये. दफ्तरखान्यातले जुने कागद चाळताना जांभया येतील.

पाचपैकी साडेतीन. प्रवेश घेण्याआधी विभागात एक गोष्ट नक्की विचारून घ्या: एकच प्रकल्प दोन्ही विषयांसाठी दोन रूपांत देता येतो का? आमच्याकडे तसा नियमच नव्हता. आजींची मुलाखत दोन्हीकडे चालावी म्हणून मला दोन विभागप्रमुखांच्या सह्या आणाव्या लागल्या, आणि दोघांनीही आधी दुसऱ्याची सही मागितली.