इफ-वुड शिकवणारं ॲप: सराव झकास, समजावणं जेमतेम

दोन महिने हे इंग्लिश ग्रामरचं ॲप वापरतेय, तेही फक्त कंडिशनल्ससाठी, म्हणजे 'अमुक झालं तर तमुक होईल' अशा जर-तरच्या वाक्यांसाठी, कारण 'इफ आय विल गो' म्हणायची माझी खोड काही केल्या जात नव्हती. ती गेली, हे आधीच सांगते. गाळलेल्या जागी क्रियापद टाकायचं, 'इफ इट ___, वी विल स्टे होम', 'विल रेन' टाकलं की लाल, 'रेन्स' टाकलं की हिरवं, असं पन्नासदा लाल झालं की बोट आपोआप 'रेन्स'कडेच जातं.

पण असं का, ते ॲप सांगतच नाही. या वाक्यांच्या प्रकारांना झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे नंबर आणि एक तक्ता, झालं. बोलताना कोण नंबर आठवत बसतं? मला खरं कळलं ते मराठी वाक्य शेजारी लिहून बघितल्यावर. आपण 'उद्या पाऊस पडला तर घरी थांबू' म्हणतोच ना, 'पडला' हे रूप भूतकाळाचं आणि बोलतोय उद्याबद्दल! इंग्लिशमध्ये त्या जागी साधा वर्तमानकाळ येतो, एवढंच.

थर्डमध्ये, म्हणजे मागे जे घडलंच नाही त्याबद्दल बोलताना, आपली मराठीच आडवी येते. 'अभ्यास केला असता तर पास झाले असते', दोन्हीकडे असता-असते, म्हणून आपण दोन्हीकडे वुड हॅव ठोकून देतो. खरं तर इफच्या भागात 'हॅड स्टडीड' आणि वुड हॅव फक्त उरलेल्या अर्ध्यात. शिवाय 'वेळ असता तर आले असते' हे आत्ताचं की कालचं ते मराठीत संदर्भावरून कळतं, इंग्लिशमध्ये मात्र रूपच बदलतं, आत्ताचं असेल तर 'इफ आय हॅड टाइम, आय वुड कम', कालचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम'. ते हॅड हॅड बघून मी टायपो समजून रिपोर्ट केला होता 😅

अजून एक, 'इफ आय वॉज रिच'ला सरळ चूक देतात. अहो, बोलताना लोक सर्रास 'वॉज' म्हणतात, 'वेअर' जास्त फॉर्मल, एवढी टीप टाकली असती तरी चाललं असतं. आणि मिक्स्ड कंडिशनलची, म्हणजे 'काल लवकर झोपले असते तर आत्ता दमले नसते' टाइपची, वाक्यं फक्त तीन, आणि रोज बोलताना लागतात ती नेमकी अशीच!

पाचपैकी साडेतीन. वही शेजारी ठेवून वापरणार असाल तर चार.