अलॉय व्हील घेताना कोल्हापुरात झालेली माझी फसवणूक, चाकाची मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

गाडीला अलॉय बसवायच्या विचारात जे कोण असतील, कोल्हापूर असो, इचलकरंजी असो नाहीतर सांगली, त्यांनी हे पूर्ण वाचा. लांबलंय, पण मुद्दाम सगळं लिहिलंय. मला नवीन बॉक्सपॅक म्हणून विकलेल्या सेटमधलं एक चाक आधी तडा गेलेलं, वेल्डिंग मारलेलं आणि वरनं रंगवलेलं निघालं आणि दोन टायर सहा वर्षं जुने निघाले. याच चाकांवर बायको आणि पोरीला घेऊन मी हायवेनं ये-जा करत होतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रारीचं चालू आहे. आणि खरं सांगायचं तर नावापेक्षा हे करतात कसं ते कळणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण असं करणारा एकच दुकानदार असेल असं मला वाटत नाही.

माझी गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, १४ इंची लोखंडी रिम आणि वर प्लास्टिकचं कव्हर. गाडी चांगली पण चाकं बघितली की मन भरत नव्हतं. तिच्याच टॉप मॉडेलला कंपनीकडनं १५ इंची अलॉय येतात, टायर १८५/६५ आर१५. माझा जुना टायर १६५/८० आर१४. दोन्हीचा पूर्ण व्यास काढून बघितला तर ६२० आणि ६२२ मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही, गाडी उंच होत नाही, चाक कुठं घासत नाही. पाहिजे होतं ते एवढंच. १७ इंचाचं फॅड मला नकोच होतं, त्याला टायरची भिंत एवढी पातळ येते की पावसाळ्यातल्या आपल्या रस्त्यांवर रिम वाकायला एक खड्डा बास होतो.

बऱ्याच दुकानांत फिरून एका ठिकाणी डिझाईन आवडलं, दहा काड्यांचं (स्पोकचं), गनमेटल रंग. दुकान मोठं, काचेचं, बाहेर चार-पाच गाड्या कायम उभ्या. मालक बोलायला गोड, "भावा, कंपनीची वस्तू हाय, डोळं झाकून घे." तरी मी डोळं उघडं ठेवूनच बघितलं. त्यानं माझ्यासमोर बॉक्स फोडला, चाक हातात दिलं, मागनं पुढनं सगळं बघितलं. पीसीडी ४ बाय १००, म्हणजे नटांची चार भोकं १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, माझ्या गाडीला बसणारा, आतल्या बाजूला जेडब्ल्यूएलचा, म्हणजे अलॉय चाकांच्या जपानी स्टँडर्डचा शिक्का, साईज कास्टिंगमध्येच उठवलेली. ते चाक खरंच नवीन होतं. भाव ठरला, चार अलॉय आणि चार टायर मिळून ५२ हजार, माझी जुनी चाकं टायरसकट सहा हजाराला एक्सचेंज. बिलाचा विषय काढल्यावर म्हणाला पक्कं बिल पाहिजे असेल तर १८ टक्के जीएसटी वर पडेल. मी म्हटलं पडू दे, बिल पाहिजेच.

खरा खेळ इथं झाला. म्हणाला बाकीची तीन चाकं गोडाऊनला आहेत, तुमचा वेळ जायला नको म्हणून तिथंच टायर चढवून बॅलन्सिंग करून आणायला सांगतो, तुम्ही चहा घ्या. थोड्या वेळानं पोरगा टेम्पोतनं चाकं घेऊन आला, टायर चढवलेली, हवा भरलेली, टायरला पॉलिश मारून चकाचक केलेली. मी टायरवरची तारीख बघायला बसलो, ते मला माहीत होतं. टायरच्या भिंतीवर डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, ३१२४ असेल तर २०२४ चा एकतिसावा आठवडा. दोन टायरवर ताजी तारीख दिसली. उरलेल्या दोनवर डीओटीची अक्षरं होती पण शेवटचे चार आकडेच नव्हते. विचारलं तर म्हणाला एकाच लॉटचा माल आहे, आकडे आतल्या बाजूला गेले, मशीनवर कसं बी बसतंय. आता ही गोष्ट अर्धी खरी आहे, बऱ्याच टायरना तारखेचा पूर्ण कोड एकाच भिंतीवर असतो आणि ज्या टायरवर आउटसाईड असं लिहिलेलं नसतं तो दोन्हीकडनं बसवता येतो. पण याच गोष्टीचा वापर करून त्यानं जुन्या टायरची तारीख गाडीखाली लपवली होती.

पहिल्यांदा कागलच्या पुढं गेलो तेव्हाच ८० च्या वर स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. परत दुकानात गेलो, बॅलन्सिंग परत केलं, तरी तेच. मग म्हणाला रस्ता खराब आहे, मग म्हणाला नवीन टायर सेट व्हायला हजार किलोमीटर जाऊ द्या. त्यात मागच्या डाव्या चाकातली हवा हळूहळू कमी व्हायला लागली, दर वेळी पंपावर सात-आठ पॉईंट कमी. खिळा असेल म्हणून सांगली फाट्याजवळ एका पंक्चरवाल्याकडं दाखवलं. त्या माणसाचे उपकार आहेत माझ्यावर. त्यानं चाक टाकीत बुडवलं तर बुडबुडे टायरमधनं नाही, रिममधनंच येत होते. चाक उलटं केलं, आतल्या कडेवरनं बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, हे वेल्ड हाय. खाली बोट लावून बघा, टेंगूळ लागतंय." लागत होतं. चार बोटं लांबीचा वेल्डचा गठ्ठा, ग्राइंडर मारून सपाट केलेला आणि वर तोच गनमेटल रंग.

मी ते चाक घेऊन सरळ मामांकडं गेलो. मामांचं सगळं आयुष्य उद्यमनगरच्या मशीनशॉपमध्ये गेलंय, कास्टिंग म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नाही. कोल्हापूरकरांनो, आपल्याकडं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव असं फौंड्रीचं एवढं मोठं काम चालतं, ओळखीत कोण ना कोण या लाईनमधला असतोच, चाकावर शंका आली तर त्याला दाखवा, दुकानदाराला नको. मामांनी टायर उतरवून चाक फिक्चरवर लावलं, मापाचा डायल लावला आणि फिरवलं, कडेला दीड मिलिमीटरच्या वर रनआउट, म्हणजे फिरताना कडा तेवढी हलत होती. मग ओळखीच्या माणसाकडनं डीपी टेस्ट करून घेतली. त्यात लाल रंगाचं द्रव फवारतात, पुसून काढतात आणि वर पांढरा डेव्हलपर मारतात, तडा असेल तिथं मुरलेला लाल रंग परत वर येतो. रंग खरवडून टेस्ट केल्यावर वेल्डच्या दोन्ही टोकांना लाल रेघ उमटली. म्हणजे वेल्ड मारल्यावर सुद्धा तडा पुढं चाललेला होता.

मामांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगतो. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचं कास्टिंग. ओतल्यावर त्याला हीट ट्रीटमेंट देतात, साधारण ५४० डिग्रीला तापवून पाण्यात झटकन गार (क्वेंच) करतात, मग कमी तापमानाला परत काही तास भट्टीत ठेवतात, ताकद येते ती त्याच्यानं. वेल्डिंगची उष्णता लागली की त्या जागेच्या आसपासची ही ट्रीटमेंट निघून जाते आणि धातू मऊ पडतो. बाहेरनं चाक सारखंच दिसतं पण परत खड्डा बसला की वेल्डच्या शेजारीच तुटतं. कडेला खरचटलेलं घासून रंगवलं तर चालेल, पण तडा गेलेलं चाक, आणि काडीला तडा असेल तर विचारूच नका, ते भंगारातच गेलं पाहिजे. हे लोक भंगारातनं आणि ॲक्सिडेंटच्या गाड्यांची चाकं किलोवर उचलतात, पुट्टी भरतात, पावडर कोटिंग करतात आणि नवीन बॉक्समध्ये घालतात. कोटिंग नवीन असलं की पुढनं बघून कुणालाच काही कळणार नाही, मामा म्हणाले मला बी कळलं नसतं.

थरथरण्याचं अजून एक कारण निघालं. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या भागाचा, मधला गोल ५४.१ मिलिमीटरचा, आणि या अलॉयचं मधलं भोक ७३.१. बाहेरचे अलॉय बऱ्याच गाड्यांना बसावेत म्हणून भोक मोठं ठेवतात, त्यात काही चूक नाही, पण मधली जागा भरायला हब रिंग घालायला लागते, नाहीतर चाक मध्यावर बसवायचं सगळं काम नटांवर येतं आणि जरा जरी बाजूला बसलं की गाडी स्पीडला थरथरते. मला रिंग दिल्याच नव्हत्या. काही शे रुपयांची वस्तू आहे. ५२ हजार घेऊन तेवढी सुद्धा दिली नाही याचा मला अजून राग येतो.

टायर उतरवल्यावर आतली तारीख पण दिसली. दोन्ही मागचे टायर सहा वर्षांपूर्वीचे, एकाला आतनं पंक्चरचा पॅच, पॉलिश धुऊन काढल्यावर भिंतीवर बारीक चिरा. नक्षी भरपूर शिल्लक होती, १.६ मिलिमीटरच्या खुणेच्या कितीतरी वर, म्हणून नवीन वाटत होते. पण रबर वयानं वाळतं, टायर कंपन्या स्वतःच सांगतात पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या म्हणून. दहा वर्षांपर्यंत चालतंय की, असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा मग नवीनचे पैसे कशाला घेतले.

हे सगळं घेऊन दुकानात गेलो. पहिलं वाक्य काय तर तुम्हीच खड्ड्यात घातली असणार आणि बाहेरनं वेल्ड मारून आणलं असणार. याच्यासाठी मामांनी वेल्डच्या अर्ध्या भागावरचं कोटिंग तसंच ठेवलं होतं. रंग वेल्डच्या वरनं अखंड गेलेला, कुठं जोड नाही, शेड बाकीच्या चाकासारखीच. कोटिंग भट्टीत दोनशे डिग्रीच्या आसपास भाजतात, म्हणजे वेल्ड आधी आणि कोटिंग नंतर झालंय हे उघड आहे. त्यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. मग आवाज चढवला, मग माणसं गोळा केली, मग म्हणाला बिलावर कुठं लिहिलंय कुठली चाकं दिली ती. बिलावर खरंच फक्त "व्हील सेट ४ नग, टायर ४ नग" एवढंच होतं, कंपनी नाही, मॉडेल नाही, साईज नाही. ते बिल त्यानं गाडी बाहेर काढताना पाकिटात घालून दिलं होतं. तुम्ही घ्याल तेव्हा अलॉयची कंपनी, साईज, टायरचं मॉडेल आणि चारही टायरचे तारखेचे आकडे बिलावर लिहून घ्या, लिहायला नाही म्हणाला तर पैसे देऊ नका.

घरी येऊन बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला. कुणालाही बघता येतो, लॉगिन लागत नाही. तर दुकान कंपोझिशनमधलं, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेतलं निघालं. कंपोझिशनवाल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईकाकडनं जीएसटी घेताच येत नाही, तसं बिलावर छापायला लागतं. माझ्याकडनं १८ टक्के घेतलेत. हा मुद्दा नोटिशीत घातला आणि त्यानंच तो हलला असं मला वाटतं. आधी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकली, मग वकिलाकडनं नोटीस. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि ऑनलाईन दाखल करता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि दुकानदार त्याच्यावरच निवांत असतात.

आता बघायचं कसं ते सांगतो. चारही चाकं टायर न चढवता समोर मागवा, सगळी, एक सॅम्पल नाही. उलटी करा आणि आतली कडा पूर्ण गोल बोटानं चाचपा, उंचवटा किंवा ग्राइंडरच्या रेघा लागल्या की ठेवून द्या. नुसता जेडब्ल्यूएलचा शिक्का बघून भुलू नका, माझ्या तुटक्या चाकावर पण तो होता. बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरतं तेव्हा शेजारी उभं राहून कडेकडं बघा, लाटेसारखं हलतंय का, आणि वजनं किती चिकटवतोय, एकाच चाकाला शंभर ग्रॅमच्या पुढं जायला लागलं तर विचारा का. टायर तुमच्या समोरच चढवायला लावा आणि तारखेची बाजू बाहेर ठेवायला सांगा. टायरवर आयएसआय मार्क आणि सीएमएल नंबर, म्हणजे त्या मार्कच्या लायसन्सचा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो. आणि ज्यांनी आधीच बसवलेत त्यांनी गाडीखाली मोबाईल धरून टॉर्च लावून मागनं व्हिडिओ काढा, पुढची चाकं असतील तर स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला मारा, सगळं दिसतं.

नोटीस गेल्यावर त्यानं पैसे परत द्यायची तयारी दाखवली, पण अट काय तर चारही चाकं आणून द्या. मी तीन दिली, रक्कम खात्यावर आल्यावरच. जीएसटी म्हणून घेतलेले पैसे आणि माझ्या जुन्या चाकांचं राहिलंय, त्याच्यासाठी आयोगात जातोय. वेल्डवालं चाक दिलं नाही, एक तर तो पुरावा आहे आणि दुसरं म्हणजे ते परत रंगवून कुणाच्या तरी गाडीला लागणार हे मला चालणार नाही. परत दिलेल्या तीनमधल्या दोघांचं मी मागनं नीट बघितलंय, एकाच्या आतल्या कडेला वाकलेलं ठोकून सरळ केल्याच्या खुणा आहेत आणि दुसऱ्याच्या व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी ग्राइंडरची तिरकी घासट आहे. दहा काड्या, १५ इंची, ४ बाय १०० पीसीडी, मधलं भोक ७३.१. रंग बदललेला असेल. असा सेट कुणाला स्वस्तात नवीन म्हणून दाखवला तर या दोन जागा आधी बघा आणि मला कळवा, माझ्याकडं सगळ्याचे फोटो आहेत.