मालवणचं स्कूबा: पाण्याखाली झकास, पण काठावर बायकांची परवड

दिवाळीनंतर मालवणला गेलो तेव्हा मी आणि माझी नणंद, आम्ही दोघींनी स्कूबा (पाठीवर हवेचा सिलेंडर लावून पाण्याखाली जायचं) केलं. सेंटरचं नाव देत नाहीये कारण तिथली मुलं मनापासून काम करतात आणि ज्या गोष्टी खटकल्या त्या ठरवलं तर महिन्याभरात सुधारता येतील अशाच आहेत.

आधी चांगलं सांगते. इन्स्ट्रक्टर एक नंबर. कमरेएवढ्या पाण्यात उभं करून तोंडाने श्वास घ्यायची नीट प्रॅक्टिस करून घेतली, खुणा पाठ करून घेतल्या (अंगठा वर म्हणजे 'मस्त' नाही, 'मला वर न्या', हे लक्षात ठेवाच). नणंदेला अजिबात पोहता येत नाही तरी ती व्यवस्थित खाली जाऊन आली. आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे बेल्ट आवळताना, सिलेंडर धरताना तो आधी सांगायचा, "ताई, डाव्या बाजूचा पट्टा ओढतोय", मग हात लावायचा. अनोळखी पुरुष मागून धरून पाण्याखाली नेणार म्हटल्यावर बऱ्याच जणींच्या पोटात गोळा येतो, त्यात एवढं एक वाक्य किती धीर देतं ते ज्या बाईने अनुभवलंय तिलाच कळेल. बाई इन्स्ट्रक्टर आहे का विचारलं, तर नव्हती.

आता वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट. सगळे पुरुषी मापाचे, एका ढिगातून ओले काढून दिलेले. मला जो कमरेला बसला तो छातीवर इतका आवळला की पूर्ण श्वास भरता येईना, आणि स्कूबात सगळा खेळच सावकाश लांब श्वासाचा आहे हो. मोठा घेतला तर गळ्यातून पाणी आत. बायकांच्या कटचे वेटसूट मिळतात, चार-पाच आणून ठेवायला काय हरकत आहे?

नणंदेच्या नाकात चमकी. कानाचा दाब मोकळा करायला मास्कवरून नाक दाबून हवा फुंकायची असते, आणि १० मीटरवर दाब दुप्पट होत असला तरी कान दुखायला लागतात ते पहिल्या दोन-तीन मीटरातच, त्यामुळे ते सारखं करावं लागतं. प्रत्येक वेळी चमकी टोचत होती. शेवटी वर येऊन काढून डबीत ठेवली मग जमलं. मास्कच्या रबराखाली केसांची एक बट जरी अडकली तरी पाणी झिरपतं, म्हणून केस घट्ट बांधा, समोर पिना नकोत. हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

कपडे बदलायला पत्र्याची खोली, आतून कडी नाही, एक खिळासुद्धा नाही कपडे अडकवायला. एकीने दार धरायचं आणि दुसरीने बदलायचं. बोटीवर टॉयलेट नाही, म्हणून आमच्या बोटीतल्या सगळ्या बायका सकाळपासून पाणी न पिता आलेल्या, भर उन्हात! मग डोकं धरतं, पायात गोळे येतात, बोट लागते. किनाऱ्यावर एक स्वच्छ टॉयलेट आणि निघायच्या आधी दहा मिनिटं, एवढंच मागणं आहे.

फॉर्म इंग्रजीत, "ताई इथे सही करा" म्हणून पुढे सरकवला. त्यात गरोदरपणाचा, दम्याचा, कानाच्या ऑपरेशनचा प्रश्न असतो. दिवस गेले असतील किंवा तशी शंका जरी असेल तर स्कूबा करायचंच नाही, हा नियम जगभर आहे, मग तो मराठीत तोंडी विचारायला लाजायचं कशाला? पाळीबद्दल विचारलं तर काउंटरवरचा मुलगा मान खाली घालून गप्प. तर मीच सांगते, बरं वाटत असेल तर पाळीत डायव्ह करता येतो, मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन (दोन्ही शरीराच्या आत बसतात) वापरा, पॅडचा पाण्यात उपयोग नाही, आणि रक्ताच्या वासाने शार्क येतात वगैरे घाबरवणाऱ्या गोष्टी सोडून द्या.

१९७० साली अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ सिल्व्हिया अर्ल आणि तिच्यासोबतच्या चौघीजणी टेक्टाइट या पाण्याखालच्या प्रयोगशाळेच्या प्रकल्पात दोन आठवडे समुद्राच्या तळाशी राहून संशोधन करत होत्या. बायकांना जमतं का हा प्रश्न तेव्हाच मिटलाय, आता सोयींचं बघा.

पाच पैकी तीन स्टार, तिन्ही त्या इन्स्ट्रक्टरसाठी. बुकिंगआधी फोन करून तीन गोष्टी विचाराच: बायकांच्या मापाचा सूट, कडी लागणारी खोली, टॉयलेट. आणि पावसाळ्यात सगळं बंद असतं, ऑक्टोबर ते मे मध्येच जा.