थुजा सांगून लेलँडी लावली: इंग्लंडात घर घेतलेल्यांनी वाचावं

इंग्लंडमध्ये घर घेतलं की मागच्या बागेला आडोसा हवाच असतो. ही गरज हेरून फिरणारी माणसं आहेत. आमच्या दारात आलेला इसम व्हॅन घेऊन आला होता. पुढच्या गल्लीतलं काम आटोपलंय, कुंपणाला लावतात त्या थुजा नावाच्या झाडाची रोपं उरलीत, कमी भावात लावून देतो, म्हणाला. थुजाचं त्याने केलेलं वर्णन अगदी बरोबर होतं. बारमाही हिरवी, दाट, आणि छाटणी जरा खोलवर गेली तरी पुन्हा फुटणारी. पण त्याने लावली ती झाडं थुजाची नव्हतीच. लेलँडी सायप्रस नावाच्या वेगळ्याच सदाहरित झाडाची होती.

लेलँडी हा संकर आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा मॉन्टेरी सायप्रस आणि अमेरिका-कॅनडाच्या वायव्य किनाऱ्यावरचा नूटका सायप्रस निसर्गात एकमेकांच्या जवळपासही नसतात. वेल्समधल्या लेटन हॉलच्या बागेत ते शेजारी लावले गेले आणि 1888 साली त्यांच्यातून हे रोप निपजलं. वर्षाला जवळजवळ 1 मीटर वाढतं, मोकळं सोडलं तर 30 मीटरच्या वर जातं. फांद्या खोचून सहज रोपं होतात, म्हणून ती स्वस्त मिळतात. या धंद्यातली मेख तीच: रोप लेलँडीचं, पैसे थुजाचे.

पहिली दोन-तीन वर्षं आम्ही खूशच होतो. मग कुंपण डोळ्यांदेखत वर चढलं. शेजारच्या आजी एक दिवस शांतपणे म्हणाल्या, की स्वयंपाकघरात आता दुपारीही दिवा लावावा लागतो. मला फार वाईट वाटलं. छाटणीला माणूस बोलावला, त्याने बाजूने खोल कापलं, आणि आत नुसत्या करड्या काड्या उघड्या पडल्या. त्या पुन्हा हिरव्या झाल्याच नाहीत. लेलँडीच्या जुन्या लाकडाला फुटवा येत नाही. हिरव्या पाल्याच्या आत कात्री गेली की ती जागा कायमची बोडकी.

शेवटी झाडांचा जाणकार आणला. त्याने एक डहाळी बोटांत चुरडून माझ्या नाकाशी धरली. वास साधा, चिकाचा. मग शेजारच्या रस्त्यावरच्या खऱ्या थुजाची डहाळी तशीच चुरडली, तर चक्क अननसाचा गोड वास! थुजाच्या पानांच्या खालच्या बाजूला फिकट पांढुरक्या खुणाही असतात. एवढी परीक्षा कोणालाही, रोप मातीत जायच्या आधी, करता येते.

आमच्या बिलावर नुसतं ‘कोनिफर कुंपण’, म्हणजे सूचिपर्णी झाडांचं कुंपण, एवढंच लिहिलेलं होतं. फोन बंद, पत्ता खोटा. पैसे रोखीने घेण्याचा आग्रह कशासाठी होता ते तेव्हा उमगलं. म्हणून बिलावर झाडाचं पूर्ण शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि पैसे कार्डाने किंवा बँकेतून द्या. वर्णनाप्रमाणे माल दिला नाही तर 2015 चा ग्राहक हक्क कायदा तुमच्या बाजूने आहे, कराराचा दावा 6 वर्षांपर्यंत करता येतो. पण त्यासाठी समोरचा माणूस सापडायला हवा! घरी येऊन केलेला सौदा साधारणपणे 14 दिवसांत मोडता येतो, म्हणून ते दिवस उलटेपर्यंत काम सुरू करू देऊ नका. घाई करणाऱ्याला सरळ दार दाखवा.

दुसरी बाजू शेजाऱ्याची. 2 मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणाने उजेड अडवला तर 2003 च्या कायद्याखाली शेजारी कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेकडे, तक्रार करू शकतो. कौन्सिल उंची कमी करण्याचा हुकूम काढू शकतं आणि तो मोडला तर 1,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तिथे ‘मला थुजा सांगितलं होतं’ हे कारण चालत नाही, कारण झाड तुमच्या जमिनीत आहे. आजींनी तक्रार केली नाही, हा त्यांचा मोठेपणा. आम्ही सगळी झाडं काढून टाकली, आणि बुंधे उपटायला लावणीपेक्षा जास्त खर्च आला.

तुम्ही घेतलेल्या घराला असं कुंपण आधीपासूनच असेल, तर ते छातीएवढं असतानाच ओळख पटवून घ्या. लेलँडी निघाली तरी घाबरू नका. लहानपणापासून दरवर्षी, हिरवा पाला राखून हलकी छाटणी केली, तर ती आटोक्यात राहते आणि दिसतेही छान. फक्त छाटणीआधी आत पक्ष्याचं घरटं नाही ना, ते बघा.